प्रेमिलाबाईंच्या वाट्याचं पथ्य

रक्तात साखर निघाली ती दोघांच्याही, एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांकडे. पण घरात चर्चा झाली ती फक्त गोपाळराव मेश्रामांच्या साखरेची.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर गोपाळराव आणि प्रेमिलाबाई नागपुरात, प्रताप नगरला, मुलाकडे राहायला आले होते. डॉक्टरीणबाईंनी दोघांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून सांगितलं, "वजन दोघांनाही उतरवायचंय. मिळून करा, सोपं जाईल." प्रेमिलाबाईंना ते 'मिळून' फार आवडलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून करायचं असं काही निघालंच नव्हतं.

संध्याकाळी मुलगा रोशन पिशव्या भरून सामान घेऊन आला. वजनकाटा, भाजी-पीठ तोलायचा छोटा काटा, खणांची ताटली, पावलं मोजणारं घड्याळ, बाबांसाठी चालायचे बूट. सून भावनानं सासऱ्यांच्या फोनवर खाणंपिणं नोंदवायचं ॲप टाकून दिलं. प्रेमिलाबाईंनी रिकाम्या पिशवीत एकदा हात घालून पाहिला.

"अन् माझे बूट?"

"तू कुठं जाशील वं आई चालाले?" रोशन हसत म्हणाला. "तू तं दिवसभर घरात चालूनच राहते."

दुसऱ्या दिवसापासून दोन स्वयंपाक सुरू झाले. गोपाळरावांची ज्वारीची भाकर, दोडका, मोडाची मटकी, सगळं तोलून. बाकीच्यांसाठी पोळी, भात, तेलाची भाजी, आणि नात रितिकाच्या आवडीची कोथिंबिरीची सांबारवडी. दोन्ही आटोपेपर्यंत प्रेमिलाबाईंच्या पोटात आग पडलेली असे. मग रितिकानं टाकलेली अर्धी वडी, तळाचा गार भात, कढईत राहिलेली भाजी, हेच त्यांचं जेवण. अन्न फेकायला त्यांचा हात होत नसे.

एकदा त्यांनी गोपाळरावांच्या टोपलीतली भाकर स्वतःच्या ताटात घेतली.

"ते मोजून केली हाये ना वं," गोपाळराव म्हणाले. "माझा हिशोब चुकते. तू पोळी खाऊन घे."

त्यांनी भाकर परत ठेवली.

सकाळी त्या जुन्या चपला घालून नवऱ्यामागे बागेत जाऊ लागल्या. चार-सहा दिवस गोपाळराव थांबत थांबत चालले. मग एका सकाळी फाटकाशीच म्हणाले, "तू नको येत जाऊ. माझा स्पीड कमी होऊन राहिला." त्यानंतर ते बागेतल्या मित्रांबरोबर जाऊ लागले. प्रेमिलाबाई एकट्याच कॉलनीत चकरा मारत, पण गोपाळराव परत यायच्या आत मेथीचं पाणी तयार हवं असे, म्हणून अर्ध्यातूनच घरी येत.

गोपाळरावांचं वजन खरंच उतरलं. पॅन्ट कमरेत आवळून आणाव्या लागल्या. बागेतल्या मंडळानं त्यांना शाल दिली. गोपाळरावांनी भाषणात डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, मुलाचे मानले, सुनेचे मानले, मित्रांचे मानले. म्हणाले, "शेवटी मनाचा निश्चय पाहिजे." प्रेमिलाबाई मागच्या रांगेत उकडलेल्या मटकीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा डबा खाली ठेवून त्यांनीही वाजवल्या.

पावसाळ्यात चपलेनं त्यांच्या अंगठ्याखाली फोड आला. दुखला नाही, म्हणून त्यांनी हळद लावून चिंधी बांधली. साखरेनं पायाची संवेदना गेली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. वास येऊ लागला तेव्हा भावनानं चिंधी सोडून पाहिली आणि किंचाळलीच. दवाखान्यात अंगठा काढावा लागला.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी विचारलं, "काकू, साखर इतकी वाढेपर्यंत पथ्य काहीच केलं नाही?"

त्या तोंड उघडायच्या आत गोपाळराव बोलले, "मी किती सांगतो हिले! जिभेवर ताबाच नाही. आता माझंच पाहा..." आणि त्यांनी फोनमधला स्वतःचा जुना, जाडा फोटो पुढे केला.

"डॉक्टरसाहेब," प्रेमिलाबाई म्हणाल्या, "यायले बाहेर पाठवा जरा."

गोपाळराव हसले, मग हसू थांबवून बाहेर गेले. प्रेमिलाबाईंनी आधी कोणासमोर असं काही म्हटलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, काय खायचं ते समजावलं आणि म्हणाले, "आता काही महिने आराम. घरी स्वयंपाक कोण करेल?"

"मीच," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर आठवडाभर भावनानं रांधलं. मग तिच्या ऑफिसची सुट्टी संपली. त्या संध्याकाळी रोशननं एक उंच स्टूल आणून ओट्यापाशी ठेवलं, हलतं का ते स्वतः बसून पाहिलं.

"आई, आता तुले उभं राहाचं काम नाही. बसून करत जाय."

त्यानं ते मायेनं आणलं होतं. त्यामुळे प्रेमिलाबाईंना त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. भिंतीला धरून त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी गॅस पेटवला.