भिंगरी आणि तात्यांचं पोतं

मी माझ्या जन्मदात्याला भर एसटीत मांजरचोर ठरवलं. त्याआधी आमचे संबंध बरे होते.

मांजर माझ्या मुलीचं, सायलीचं. नाव भिंगरी. बारामतीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती मुठीएवढी असल्यापासून वाढत होती आणि तिनं अजून उंबरासुद्धा ओलांडलेला नव्हता. सायली तिच्या आईला घेऊन परीक्षेला पुण्याला गेली, तेव्हा मला बजावून गेली, "बाबा, दार उघडं ठेवू नका. बाहेर गेली तर ती जगायची नाही." असं काही बघितलं माझ्याकडं, की तसं झालं तर मीही जगायचो नाही हे मला कळलं.

नेमके त्याच संध्याकाळी निमगाव केतकीहून माझे वडील आले. तात्यांना मांजर माहीत ते गोठ्यातलं, उंदरांवर पोट भरणारं. भिंगरीचा ट्रे बघून ते म्हणाले, "ही वाळू कशापायी?"

"तिला बसायला. म्हणजे... परसाकडला."

"इकत आणलीस?"

मी मान डोलावली. तात्यांनी चिमूटभर वाळू उचलली, निरखून बघितली आणि परत ट्रेत टाकली. (त्यांनी असं काही तपासलं की मला आजही पाढे न आल्यासारखं होतं.)

सकाळी ते झोपेत असताना भिंगरी त्यांचं धोतर धरून थेट मिशीपर्यंत चढली. तात्या ताडकन उठून बसले. "आमच्याकडं असल्याला पोत्यात घालत्यात आन कालव्यापल्याड सोडत्यात. पोत्यातनं वाट दिसत न्हाय, मग माघारी येत न्हाय."

मी हसलो आणि अंघोळीला गेलो. बाहेरून "निघतो रं" ऐकू आलं, दार लागल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो तर तात्या नव्हते आणि भिंगरीही नव्हती.

पलंगाखाली बघितलं. वॉशिंग मशिनमध्ये बघितलं. डब्यांमागं, गाद्यांत, फ्रिजमध्येसुद्धा बघितलं. गॅलरीतून खाली वाकून बघितलं. खाली फक्त वॉचमन होता, तो वर बघून मला नमस्कार करत होता.

इतक्यात शेजारच्या शिंदेकाकू म्हणाल्या, "तात्या गेले वाटतं? केवढं ते पोतं होतं खांद्यावर. तोंड अगदी सुतळीनं आवळलेलं."

तात्या आले होते मोकळ्या हातानं! सायली संध्याकाळी येणार होती. मी शूजच्या रॅकवरची तिची जुनी सॅक उचलली (भिंगरी सापडली तर घालून आणायला काहीतरी हवं ना), पाठीला अडकवली आणि स्कूटरला किक मारली. सॅक जरा जड लागली, पण तेव्हा भीतीनं मला सगळंच जड लागत होतं. वाटेत मागून कसला तरी बारीक आवाज येत होता. ब्रेक वाजतोय म्हणून मी गॅरेजवाल्याला शिव्या दिल्या.

काटेवाडीच्या स्टॉपवर एसटी सापडली. मी स्कूटर आडवी घातली आणि धापा टाकत आत चढलो. तात्या खिडकीशी बसले होते, पोतं पायाशी.

"तात्या, पोतं सोडा."

"का रं?"

"आत जीव आहे. गुदमरून मरेल."

सगळी एसटी तात्यांकडं बघायला लागली. एक आजी म्हणाल्या, "अगं बया, लेकरू हाय का काय?"

"मांजर आहे," मी म्हणालो. "माझ्या पोरीचं. यांनी चोरलंय."

आणि त्याच क्षणी सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, "म्याव."

"बघा!" मी ओरडलो आणि स्वतःच सुतळी सोडली. आतून माझ्या बायकोच्या जुन्या साड्या निघाल्या. आईला वाकळ शिवायला हव्या होत्या, म्हणून बायकोनं जाण्याआधी त्या बांधून ठेवल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं. मी पोत्याच्या तळापर्यंत हात घातला. दोन परकर निघाले.

"म्याव."

कंडक्टर शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या पाठीवर बघा."

अर्धवट उघड्या चेनमधून भिंगरी डोकं बाहेर काढून एसटी बघत होती. सॅक तिची झोपायची आवडती जागा आहे, हे मला सायलीनं सांगितलेलं होतं.

तात्यांनी परकर पोत्यात भरले, सुतळी बांधली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उतर. लोकांस्नी उशीर हुतोय."

संध्याकाळी सायलीनं विचारलं, "बाबा, भिंगरी बाहेर नाही ना गेली?"

"माझ्यापासून वीतभर लांब गेली नाही," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

मग तात्यांचा फोन आला. "रविवारी येतोय. मोकळं पोतं घिऊन."

"तात्या, अहो, भिंगरी तर आता..."

"मांजरासाठी न्हाय," तात्या म्हणाले आणि फोन ठेवला.

आज रविवार आहे. मी दाराला आतून कडी घातलीय. भिंगरी आणि मी, दोघांनीही सकाळपासून उंबरा ओलांडलेला नाही.