गुरुवारचे कंबरवाले काका

माणूस दारातून आत आला की त्याच्या चालीवरून त्याचं काय दुखतंय ते मला कळतं. ही बढाई नाही, वीस वर्षांचा सराव आहे. मुलुंडच्या आमच्या क्लिनिकमध्ये आम्ही तिघी फिजिओथेरपिस्ट आणि बेड मात्र दोन. अपॉइंटमेंटची वही सगळ्यांची मिळून एक, त्यात तिघींची तीन तऱ्हेची अक्षरं. एका सोमवारी सकाळी दहाला एकाच बेडसाठी तीन माणसं येऊन बसली, तेव्हा मी जाहीर केलं, "बास झालं. आता सॉफ्टवेअर घ्यायचं."

निवडायचं काम अर्थातच मी घेतलं. बाकीच्या दोघी सुटलो म्हणाल्या. पाच-सहा कंपन्यांची माणसं येऊन आपापला माल दाखवून गेली. एकात रंग इतके, की रांगोळीच काढलेली. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे : फिजिओ मोकळी आहे पण बेड मोकळा नाही, तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर काय करतं? बहुतेकजण विषय बदलायचे. एक बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "लाल होतं. पुढे जाऊच देत नाही." ते मी घेतलं. हट्टी होतं, माझ्यासारखं. त्याचा आणखी एक हट्ट होता : मोबाइल नंबर दिल्याशिवाय अपॉइंटमेंट नोंदवायची नाही, कारण आदल्या संध्याकाळी ते पेशंटला आठवणीचा मेसेज पाठवतं.

मग एका रविवारी वहीतली नावं त्यात भरायला बसले. नावं कसली! टाचवाल्या मावशी, खांदेवाले काका, क्रिकेटवाला. आम्ही पेशंटला दुखण्यावरूनच ओळखतो. केसपेपर काढून एकेकाचा नंबर शोधला. सगळे सापडले, एक सोडून. 'कंबरवाले काका, गुरुवार, तीन ते चार.' अक्षर आमच्यातल्याच एकीचं, माझ्या मैत्रिणीचं. दोन वर्षं दर गुरुवारी नोंद, पण केसपेपर नाही, नंबर नाही. गुरुवारी दुपारी मी घाटकोपरला घरोघरी जाऊन पेशंट बघते आणि तिसरीची सुट्टी असते, त्यामुळे हे काका आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

सोमवारी मी मैत्रिणीला धरलं.

"तुझ्या कंबरवाल्या काकांचा नंबर दे गं."

"त्यांच्याकडे मोबाइल नाही."

"मग मुलाचा दे."

"मुलगा नाही त्यांना."

"शेजाऱ्याचा तरी देशील की नाही?"

ही माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, नाहूरला राहते, एरवी तोंडाला तोंड देणारी. तिने उठून दार लावलं.

"काका नाहीचेत. मीच आहे ती."

मणक्याची गादी सरकली होती. दर गुरुवारी पडदा ओढून, कमरेवर शेकाचं पॅड टाकून ती तासभर एकटीच पालथी पडून राहायची.

"फिजिओचीच कंबर गेली म्हटल्यावर माझ्याकडे कोण येणार? वाट लागेल ना यार. तेवढा एक तास काढू नकोस."

"आणि मी काय मेले होते? मला सांगायला काय झालं?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते!"

मला आधी राग आला आणि मग मनापासून लाज वाटली. दोन वर्षं ती माझ्यासमोर टेबलाला हात टेकून खुर्चीतून उठत होती. मी तिला त्यावरून आळशीही म्हटलं होतं. परक्यांची चाल दारातून ओळखणारी मी, दिव्याखाली अंधार तो असा.

पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. कॉम्प्युटर उघडला. पेशंट : कंबरवाले काका. वार आणि वेळ तीच. नोंद तिच्या रकान्यातून उचलून माझ्या रकान्यात टाकली. घाटकोपरच्या पेशंटना शुक्रवार दिला, ते कुरकुरले, कुरकुरू देत. मोबाइलचा चौकोन लाल झाला, तिथे माझा नंबर घातला. हट्टी सॉफ्टवेअर गप्प बसलं.

आता दर बुधवारी संध्याकाळी माझा फोन वाजतो : 'नमस्कार कंबरवाले काका, उद्या तीन वाजता आपली अपॉइंटमेंट आहे. कृपया वेळेवर यावे.' मी तो तसाच तिला पुढे पाठवते. हल्ली ती स्वतःच पेशंटना आपल्या कमरेची गोष्ट सांगते, म्हणून मीही लिहितेय.

पहिल्या गुरुवारी मात्र काका दहा मिनिटं उशिरा आले. पडदा ओढून ती पालथी झोपली. मी अंगठा मणक्याच्या कडेने हळूहळू खाली नेत होते. एका जागी तिने श्वास रोखला.

"तिथेच," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली. "दोन वर्षं माझा हात तिथे पोचत नव्हता गं."