एकटीची तालीम

ती सकाळ आजही आठवते, कारण माहिती देणारा माणूस तक्रार करायला आलाच नव्हता. मी तेव्हा पेडणे तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. हजेरी आटोपली होती आणि रात्रपाळीचा अंमलदार नोंदी समजावून सांगत होता. तेवढ्यात बँकेत नोकरी करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ आले. त्यांनी पासपोर्टच्या पडताळणीबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, तरी ते उठेनात. ठाण्यात असा रेंगाळणारा माणूस दिसला की मी चहा मागवत असे.

चहा अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "सायबा, आमच्या गावात जात्रेला मुलांचं नाटक आहे. मी प्रॉम्प्टर. पण एका तालमीला मला बोलवत नाहीत."

"कुठल्या?"

"मुख्य काम करणाऱ्या मुलीच्या. तिची एकटीची तालीम असते. देवळाच्या अग्रशाळेत, जिथे जात्रेचे पाहुणे उतरतात, त्या खोलीत. दार ओढून. मास्तर म्हणतात, बाहेरचा आवाज येतो. पण तिला सगळं पाठ होतं. हल्ली सगळ्यांसमोर उभी राहिली की अडखळते."

निघताना त्यांनी विनंती केली, "माझं नाव घेऊ नका. नाटक मोडलं तर गाव मला देवळाची पायरी चढू देणार नाही."

मुलगी तेरा वर्षांची होती. मास्तर म्हणजे नाटकाचा दिग्दर्शक, डिचोलीकडचा, नोकरी सांभाळून गावोगावी नाटकं बसवणारा. बक्षिसं मिळवून देणारा म्हणून त्याला मागणी होती. त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती. पण अशा बाबतीत पालकांनी लेखी तक्रार दिलीच पाहिजे असं नसतं; माहिती कानावर आली की चौकशी आमच्यावर येते. मी ठाणे दैनंदिनीत नोंद केली आणि दुपारी देवस्थान समितीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते सुपारीच्या बागायतीतून नुकतेच घरी आले होते.

"चौकशी होईपर्यंत तालमी बंद. निदान त्या मास्तरांच्या तरी," मी सांगितलं.

"काय सांगता सायबा? देवमाणूस तो. आमच्याच घरात जेवतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "जात्रा होऊं दी. मागीर पळोवया."

जात्रा होऊ दे, मग बघू. हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. जात्रेच्या जागी कधी लग्न असे, कधी परीक्षा, कधी निवडणूक. अध्यक्ष वाईट नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर पाहुण्यांनी भरलेला मंडप होता. त्या मुलीपर्यंत त्यांची नजर पोचत नव्हती, एवढंच. शेवटी त्यांनी तालमी थांबवल्या, पण नाखुशीने.

दुसऱ्या दिवशी आमच्या महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत मुलीच्या घरी गेल्या. सोबत बालकांसाठी काम करणाऱ्या एक समुपदेशक होत्या. मुलीला ठाण्यात बोलवायचं नाही, गणवेश दिसू द्यायचा नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची नाही, हे ठरलेलं होतं. आई शेजारी बसली होती. मुलगी शाळेबद्दल बोलली, मांजराबद्दल बोलली. तालमीचं नाव निघताच गप्प झाली. दोघी उठल्या तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "माझं काम जाणार काय?"

काम म्हणजे नाटकातली भूमिका.

संध्याकाळी मी मास्तरला बोलावलं. तो इस्त्रीच्या सदऱ्यात, वेळेवर आला. खुर्चीत मोकळेपणाने बसला.

"साहेब, तुम्ही वाचणारे. तुम्हाला कलेचं मी काय सांगणार? तिच्या भावना पोचत नव्हत्या, म्हणून वेगळी तालीम."

"दार बंद करून?"

"एकाग्रता लागते."

"आईला बसवायचं होतं."

"आई बसली की मूल लाजतं. मी मुलीसारखी मानतो तिला."

"मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचायला हवा. खोलीत तुम्ही दोघंच. शेवटच्या रांगेत कोण बसायचं?"

त्याने सदऱ्याची बाही सारखी केली. मग हसून म्हणाला, "अनुभवाने कळतं." हा काही पुरावा नव्हता. त्याचं प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं आणि आमच्या हातात काही नव्हतं. मी त्याला जाऊ दिलं.

रात्री जेवताना मुलीचा प्रश्न आठवत राहिला. ती घाबरली आहे असं आम्ही समजत होतो. पण घाबरलेलं मूल आधी आपलं काय होईल ते विचारतं. तिने भूमिकेचं काय होईल ते विचारलं होतं. कोणीतरी तिला सांगून ठेवलं असणार, बोललीस तर काम जाईल.

सकाळी मी पुन्हा अध्यक्षांकडे गेलो. समितीचे इतर लोकही जमले होते. बदनामीच्या भीतीने नाटकच रद्द करावं, असा सूर होता.

"तुम्ही नाटक रद्द केलंत," मी म्हणालो, "तर त्या पोरीला वाटेल, माझ्यामुळे मोडलं. गप्प बसायला हवं होतं."

 अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे आम्ही काय करायचं?"

"तिचं काम तिचंच राहील, हे तिला तुमच्या तोंडून कळू दे. पण एक लक्षात ठेवा. 'बोललीस तर' असं म्हणायचं नाही. ती बोलो न बोलो, काम तिचंच."

अध्यक्ष स्वतः गेले. ओसरीवर बसून त्यांनी तिला हाक मारली. "बाय, नाटक होणार. तुझं काम तूच करणार. कोण कायय सांगू दे." एवढंच बोलून ते उठले. चहाला थांबले नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांनी मुलीने आईला सांगितलं. आईने आमच्या उपनिरीक्षकांना बोलावून घेतलं. मुलीने जे सांगितलं ते इथे लिहिण्याची गरज नाही. गुन्हा नोंदवला, बाल कल्याण समितीला कळवलं, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर तिचा जबाब झाला. मास्तरला अटक झाली. ते ऐकून दुसऱ्या एका गावातली, आता कॉलेजात जाणारी मुलगी वडिलांना घेऊन पुढे आली. तिलाही वेगळी तालीम होती.

खटल्यात बचावाच्या वकिलांनी विचारलं, मुलीला बोलतं करायला तुम्ही भूमिकेचं आमिष दाखवलं का? अध्यक्ष साक्षीला होते. "आमिष नाही सायबा," ते म्हणाले, "जें तिचें तेंच तिका दिलें." शिक्षा झाली.

नाटक मात्र खटल्याच्या कितीतरी आधी, ठरल्या दिवशीच झालं होतं. गावातल्या दोन शिक्षिकांनी ते उभं केलं. मुलगी दुसऱ्या अंकात एकदा अडखळली, मग शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येईल अशी बोलली. मी तिथेच बसलो होतो.

माझी पत्नी प्राथमिक शाळेत शिकवत असे. या प्रकरणातलं सांगण्यासारखं तेवढं मी तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "आपण मुलांना मोठ्यांचं ऐकायला शिकवतो. कुठे ऐकायचं नाही, ते शिकवत नाही." आता ती नाही. तिच्या टेबलावर बसून हे लिहितो आहे, म्हणून तिचं वाक्य तिच्याच नावावर ठेवतो. माझी भर एवढीच, की गावाने माणूस चांगला आहे का हे बघितलं, तो कसा वागतो ते बघितलं नाही. बंद दाराला कोणी हरकत घेतली असती, तर चांगल्या मास्तराचं काही बिघडलं नसतं.

नंतर समितीने नियम केला. तालमीला दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलांना खासगी फोन नाही. त्या बैठकीत अध्यक्षच चिडले होते. "म्हणजे आता आमच्यावरूय संशय?"

निवृत्तीनंतर एकदा त्या गावात गेलो. अग्रशाळेच्या पायऱ्यांवर अध्यक्ष बसले होते, भोवती नाटकातली मुलं. तालीम सुरू व्हायची होती, पण सोबतीला येणाऱ्या बाईंची बस चुकली होती. एक चिमुरडी कंटाळून दाराकडे बोट दाखवत म्हणाली, "आजोबा, तुमी आसा न्हय. आत वचूया."

"हांव एकटोच आसा गो," ते म्हणाले. "बाई येऊं दी."

"तुमकां आमचें भंय दिसता?" आजोबा आपल्याला भितात, याची तिला गंमत वाटली.

"दिसता तर. तुमी सगळीं वाघ."

मुलं हसली. अध्यक्षांनी मला जागा करून दिली. बाई येईपर्यंत आम्ही सगळे उन्हात बसून राहिलो, आणि त्यात कोणालाच अपमान वाटला नाही.