धोंडिबाची चुकलेली हजेरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मी – ज्यानं इंदापूरच्या भर बाजारात छातीठोक सांगितलं, की माझ्या उसात हत्ती शिरला तर त्याची सोंडसुद्धा दिसायची नाही. माझ्या थापांना मुलूख हसला. एकच थाप लोकांनी खरी मानली. ती सांगतो, आणि सांगायचं ठरवल्यापासूनच हलकं वाटतंय बघा.

बत्तीस-तेहतीस सालचा उन्हाळा. निमगाव केतकीजवळ आमचं रान. कॅनॉलच्या पाण्याची पाळी ठरलेली, माझी अजून लांब. ऊस माना टाकत होता. मरणार होता का? – छे हो. पण हत्ती लपवणारा ऊस वाळलेला कसा दाखवायचा? दिवस कलताना मी कॅनॉलमधनं रानाकडं येणाऱ्या चारीचा बांध कुदळीनं फोडला.

पाणी असं सुटलं, की मला वाटलं, मी आता थेट भीमेत. रानाचा चिखल झाला आणि माझा बैल पोटापर्यंत रुतला. त्याच वेळी वाटेनं गावातला धोंडिबा चावडीकडं निघाला होता. त्याची जातच इंग्रज सरकारनं गुन्हेगार ठरवलेली. रोज तिन्हीसांजेला पाटलापुढं हजेरी द्यायची, चुकली की गुन्हा. तरी तो वळला.

"तात्या, तुमी शेपटी धरा, मी म्होरनं वढतो."

बैल निघाला. हजेरी चुकली.

दुसऱ्या दिवशी चावडीत फुटलेल्या बांधाची चौकशी. पाणी खालच्या सगळ्याच रानांत पसरलेलं, त्यामुळं बोट एकट्या माझ्याकडं नव्हतं. हजेरीला कोण नव्हतं? धोंडिबा. झालं, चोर सापडला.

"तात्या, सांगा की पाटलास्नी," तो म्हणाला. "मी तुमच्या बैलापाशी हुतो."

किती सोपं होतं – पण मग बैल रुतला कसा, तेही सांगावं लागलं असतं ना?

"माझा बैल तर गोठ्यात हुता," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबेन तर तो मी कसला – धोंडिबाला कुदळ घेऊन पळताना पाहिलं, असंही रंगवलं. धोतराचा सोगा कसा उडत होता, तेसुद्धा.

त्याला बारामतीला नेलं. सजा झाली.

लोक म्हणाले, चोरी त्यांच्या रक्तातच. मी मान डोलावली. लहानपणी ज्याबद्दल मार बसतो ते वाईट, एवढंच मला कळायचं. पोरंबाळं झाली तरी अक्कल तिथंच बसून होती. मार चुकला, म्हणजे वाईट काही घडलंच नाही. आणि धोंडिबा? त्याला मार ठाऊक असूनही तो वळला होता.

तो सुटून आल्यावर एका संध्याकाळी ओढ्यात माझी गाडी कलंडली, माझा पाय चाकाखाली. वाटेनं तोच निघालेला. मी हाक मारली. तो थांबला, माझ्या पायाकडं बघितलं.

"हजेरीला उशीर हुईल, तात्या," म्हणाला, आणि गेला.

वळणारा माणूस होता तो. सरळ निघून जायला त्याला मी शिकवलं.

बांध मी फोडला. धोंडिबा माझ्या बैलापाशी होता. – लिहिलं एकदाचं. छाती मोकळी झाली, खरंच झाली. धोंडिबा आता नाही. तो जाईपर्यंत मी थांबलो होतो.