टेंबावरच्या बाई

कुणी कसलीही योजना मांडली, की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "आणि मे महिन्यात?"

एवढंच. आवाज चढवायच्या नाहीत. पण समोरच्याचा अर्धा उत्साह तिथंच गळायचा. आमच्या सातारच्या ऑफिसातल्या पट्टेवाल्यानं लेकीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटले, तेव्हाही पेढा तोंडात धरून बाईंनी विचारलं, "मे महिन्यात? मग पाण्याची सोय काय?" तो बिचारा शनिवारी गावी जाऊन विहिरीत डोकावून आला आणि लग्न फाल्गुनात घेतलं.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आनंदाच्या घटकेला आड येणारं. मागाहून कळतं, की ते आड येत नव्हतं, पुढचा खड्डा दाखवत होतं.

सत्तरच्या दशकातली पहिली वर्षं होती. मी त्या ऑफिसात नकाशे काढायचो. बाई नियोजनाचं काम बघायच्या. मूळच्या सांगलीच्या. विश्रामबागेत त्यांचं छोटं घर होतं, तिथं आई एकटी असायची. बाईंनी लग्न केलं नव्हतं. सुती साडी, काळी छत्री आणि पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड तळाच्या चपला. ऑफिसात त्यांच्या चपलांची चेष्टा व्हायची. त्यांना ती ठाऊक होती.

कोयनेचं पाणी अडलं आणि पाटणच्या वरचं खोरं बुडालं. गावं गेली, पण उंच टेकड्यांची डोकी पाण्यावर राहिली. कालपर्यंत ज्या टेकडीवर लोक गुरं चारायला जायचे, ती एकदम बेट झाली. अशाच एका बेटावर थोडी घरं होती. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा ही माणसं वर सरकली आणि तिथंच राहिली. ती माणसं त्याला बेट म्हणत नसत. टेंब म्हणत. टेंब म्हणजे टेकाड. "आमी टेंबावं ऱ्हातो," असं सांगायचे, जणू आजूबाजूला पाणी नाहीच.

महाबळेश्वरला गर्दी फार व्हायला लागली होती. लोकांना नवी जागा द्यायची, ती या बेटांवर द्यायची, असं वर कुणाच्या तरी मनात आलं. योजना तयार करायचं काम बाईंकडं आलं आणि नकाशे माझ्याकडं.

बेटांची योजना करणाऱ्या या बाईंना पाणी सोसायचं नाही. होडी हलली की त्यांचं तोंड पांढरं पडायचं. त्या लिंबू नाकाशी धरून बसायच्या आणि मला म्हणायच्या, "बोला हो काहीतरी. काहीही बोला." मी घरची रडगाणी सांगायचो. बायकोचं आणि आईचं भांडण कुठवर आलंय ते बाईंना होडीतूनच कळायचं. काठाला लागलो की त्या आधी एका दगडावर बसायच्या, डोळे मिटायच्या, आणि मग उठून झपाझप चढायला लागायच्या. मला धाप लागायची.

होडी तात्यांची असायची. तात्या टेंबावरचे वडीलधारे. उंच, वाकलेले, सैन्यात काही वर्षं काढून आलेले. त्यांची बायको, काकी, अंगणात म्हशीजवळ बसलेली दिसायची. म्हैस तिनं पारडी असल्यापासून वाढवली होती. काकी कमी बोलायची, पण जे बोलायची ते तोलून.

टेंबावर पिण्याचं पाणी एकाच झऱ्याचं. बाई त्या झऱ्यापाशी हंडा लावून, तो भरायला किती वेळ लागतो ते मोजत तासन् तास बसायच्या. पावसाळ्यानंतर बसल्या, थंडीत बसल्या, आणि कडक उन्हाळ्यातही छत्री घेऊन बसल्या. उन्हाळ्यात हंडा भरता भरत नव्हता. धरणाचं पाणीही तेव्हा खूप खाली जायचं. हिरवळ आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडायचा. वरून वाळलेला, आतून गाळ. बाई मला म्हणाल्या, "पाहुणा घराला झेपेल एवढाच बोलवावा. लोकांना सुट्टी मे महिन्यात. आणि टेंबाला पाणी नाही तेही मे महिन्यातच. योजना काय ती या दोन वाक्यांत आहे."

त्यांनी योजना केली तीही तशीच. पाहुण्यांनी मुक्काम काठावर करायचा, टेंबावर दिवसाच यायचं. पावसाळा सरल्यापासून होळीपर्यंतच. ने-आण टेंबावरच्या माणसांच्या होड्यांनी, जेवण त्यांच्याच घरांत. टेंबावर नवी वीट चढवायची नाही. उन्हाळाभर टेंब बंद.

एका दुपारी आम्ही तात्यांच्या अंगणात भाकरी खात होतो. तात्या म्हणाले, "बाई, सोयऱ्यांचा निरोप आलाय. तिकडं सांगलीकडं नदीकाठाला गाव बुडालेल्यांस्नी जमिनी मिळत्यात म्हनं. आता न्हाई गेलो तर जातील कुनाला तरी. काय करावं? जावं का ऱ्हावं?"

काकी दारातून म्हणाली, "जाऊया म्हनती मी. पान्यात किती दिस ऱ्हायाचं? मानसांत जाऊ."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "थांबा, तात्या," त्या म्हणाल्या. "योजना मान्य होतेय. साहेबांनी मला स्वतः सांगितलंय. होड्या तुमच्याच चालतील. पोरांना इथंच काम मिळेल."

"लिवलेलं हाय का कुटं?" काकीनं विचारलं.

"माझा शब्द आहे, काकी."

काकी आत वळली. तात्या मात्र खुलले. त्यांनी सोयऱ्यांना नकार कळवला. बाकीची घरंही तात्यांकडं बघूनच थांबली.

त्या पावसाळ्यात आमचे साहेब बदलले. जुन्या साहेबांनी योजनेला होकार दिला होता, पण तो तोंडी होता. नवे साहेब हसरे होते, तडफदार होते, माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी माझा नकाशा टेबलावर पसरला आणि टेंबाच्या माथ्यावर बोट ठेवलं. "विश्रामगृह इथं. चारी बाजूंना पाणी दिसेल. पुढं हिरवळ, फुलझाडं."

"टेंबावर मुक्काम नको असं आपण—" बाई म्हणाल्या.

"अहो, बेटावर राहायचंच नाही, तर बेट कशाला?"

बाईंनी चष्मा कपाळावर नेला. "आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यातच तर गर्दी होणार!" साहेब म्हणाले, आणि सगळी बैठक हसली. मीही थोडा हसलो असेन. बाईंनी आपला विरोध लिहून दिला, तो वाचून परत आला. कुणी त्यांना रागावलं नाही. फक्त टेंबाचं काम त्यांच्याकडून काढलं आणि घाटातल्या रस्त्यांवर पाट्या कुठं लावायच्या ते काम दिलं. आमच्याकडं माणसाला असंच गप्प करायचे.

विश्रामगृह झालं. झऱ्याला कठडा घालून पंप बसवला. पाहुण्यांसाठी बाहेरच्या एका ठेकेदाराची लाँच आली आणि टेंबावरच्या होड्या धोक्याच्या ठरवून त्यांना पाहुणे न्यायची बंदी झाली. तात्यांच्या दोन पुतण्यांना हिरवळीला पाणी घालायचं काम मिळालं. त्याच झऱ्याचं पाणी. बाई दर आठवड्याला कुणाकडं तरी जायच्या, अर्ज द्यायच्या, बाकावर बसून राहायच्या. तात्यांना त्यांनी निरोप धाडला, "मी प्रयत्न करतेय." या शब्दांना किती वजन असतं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात, ऑफिस सुरू होऊन जरा वेळ झाला असेल, तात्या आमच्या दारात उभे राहिलेले दिसले. धोतर गुडघ्यापर्यंत गाळानं माखून वाळलेलं. आत या म्हटलं तरी येईनात.

"बाई," ते म्हणाले, "म्हस गेली."

झरा आटला होता. जे थोडं पाणी येत होतं ते पाहुण्यांना. गुरांना धरणाच्या पाण्यावर न्यावं लागत होतं. लाँच लागायची तिथपासून वरपर्यंत पाहुण्यांसाठी फळ्या टाकल्या होत्या. गुरांना फळ्या कोण टाकणार? म्हैस पाण्याच्या वासानं पुढं गेली आणि गाळात रुतली. दोर लावले, माणसं लागली. जितकी ओढावी तितकी आत. काकी गाळात उतरून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी माणसांनी काकीलाच ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी टेंबावर गेलो. बाईंनी त्या दिवशी लिंबू घेतलं नव्हतं. होडीत मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं नको म्हटलं. साडी खोचून त्या गाळातून चालत गेल्या. फळ्यांवरून नाही.

अंगणात सगळी घरं गोळा झाली. विश्रामगृहाकडून पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता. बाई उभ्या राहूनच बोलल्या. "मी तुम्हाला थांबा म्हटलं होतं. चुकलं माझं. ते माझ्या हातात नव्हतं, आणि मी हातात असल्यासारखं बोलले. आता इथं राहणं होणार नाही. मी जमीन मिळवते. मिळेपर्यंत बसणार नाही."

तात्यांनी घोंगडं पुढं सरकवलं. मग तात्या म्हणाले, "बसा, बाई. आवं, तुमी काय खोटं न्हाई बोललासा. तुमाला बी कुनीतरी सांगितलंच आसंल की."

काकी उठली, घरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती बाईंशी एक शब्द बोलली नाही.

नदीकाठच्या जमिनी तोवर संपल्या होत्या. सांगलीच्या पूर्वेचा माळ तेवढा उरला होता. तोही बाईंनी कचेऱ्या झिजवून मिळवला, विहीर खणून घेतली. मग स्वतःची बदली सांगलीला मागून घेतली. त्यांच्या आईला वाटलं, लेक आपल्यासाठी परत आली. आजूबाजूला सांगायच्या, "म्हातारपणी मला सांभाळायला आली हो." बाईंनी त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

मी कामानिमित्त सांगलीला गेलो की बाईंबरोबर माळावर जायचो. त्या दर रविवारी जायच्या, एस्टीनं आणि पुढं पायी. बक्कळ पावसात वाढलेली ती माणसं, त्यांना तिथलं ऊन सोसत नव्हतं. भातावर हात बसलेला, ज्वारीची रीत ठाऊक नाही. तात्या संध्याकाळी घराबाहेर उभे राहायचे आणि नुसते लांब बघत राहायचे. "वारा हाय, पर त्याला वलावा न्हाई गड्या," मला म्हणायचे. बाई पोरांच्या शाळेचं बघायच्या, बियाणं आणून द्यायच्या, कुणाला दवाखान्यात न्यायच्या. दुपारी तात्यांच्या घरी जेवायच्या. काकी ताट वाढायची, तांब्या ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. बाई म्हणायच्या, "काकी, कालवण छान झालंय." उत्तर नाही. पुढच्या रविवारी परत ताट तयार.

एकदा परतताना मी चिडून म्हणालो, "बाई, किती दिवस हे? आता माफ करायला नको का त्यांनी?"

"त्या जेवायला वाढतात ना," बाई म्हणाल्या. "माझा हिशेब त्यांनी चुकीचा नाही धरलेला. तुम्ही मधे पडू नका."

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी बाईंना कावीळ झाली. अंगावर काढली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला सातारला कळलं आणि मी पहिल्या एस्टीनं सांगली गाठली. सगळं आटोपलं होतं. विश्रामबागेतल्या घरात आई खुर्चीत बसल्या होत्या, शेजारच्या बायका जवळ होत्या. मला बघून त्या म्हणाल्या, "तिची ती माळावरची माणसं... त्यांना कुणी सांगितलंय का हो?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी निघालो.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तात्या दारात होते. मी सांगितलं. ते खाली बसले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरून राहिले. आत काकी भाकरी करत होती. तिचे हात थांबले.

"कवा?" तिनं मला विचारलं.

"परवा पहाटे."

"जवळ कोन हुतं?"

"आई होती."

काकीनं हाताचं पीठ झटकलं. मग तिनं तव्यावरची कच्ची भाकरी उलथन्यानं काढून बाजूला ठेवली. जळती लाकडं ओढली, त्यांच्यावर तांब्यातलं पाणी शिंपलं. खोली धुरानं भरली.

"अगं, पावना लांबनं आलाय," तात्या हळू म्हणाले. "दोन घास तरी—"

"घरातलं मानूस गेलंय," काकी म्हणाली. "आज चूल न्हाई."

ती पदर डोक्यावर घेऊन बाहेर पडली आणि शेजारच्या दारात जाऊन काहीतरी बोलली. तिथून पुढच्या दारात. मी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एस्टीच्या थांब्याकडं चालू लागलो.

थांबा रस्त्यावर, जरा उंचावर होता. तिथून सगळा माळ दिसायचा. दिवस मावळत होता, स्वयंपाकाची वेळ. पलीकडच्या जुन्या गावावर धुराचा निळा थर चढला होता. अलीकडं टेंबावरच्यांची घरं होती. त्यांतल्या एकाही छपरातून धूर येत नव्हता.