काचेच्या नळीतलं माझं रक्त

सहा वर्षांचा होईपर्यंत मी कधी मनसोक्त धावलो नव्हतो, हे कुणाला खोटं वाटेल. सक्करदऱ्यातल्या आमच्या घरात मला गोट्या खेळायची मुभा होती, तीही सतरंजीवर बसून. आईचे दोन्ही भाऊ लहानपणीच जखमेचं रक्त न थांबल्यानं गेले होते आणि तोच आजार माझ्या दादाला आला होता. जरा खरचटलं तरी त्याचं रक्त थांबायचं नाव घेत नसे, आतल्या आत रक्त साचून गुडघे सुजत. दुधानं पोळलेली आई माझ्या बाबतीत ताकही फुंकून पीत होती.

एकदा दादाचे गुडघे दाखवायला आम्ही धंतोलीतल्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघत विचारलं, "याचं रक्त तपासलं का?"

"तपासाचं काय त्यात? आमच्याकडं पोरायलेच होते हे. हाही पोरगा हाये, म्हणजे असनच त्याले," आई म्हणाली.

"एकाला आहे म्हणून दुसऱ्याला असेलच असं नाही हो."

त्यांनी माझ्या हाताच्या शिरेतून रक्त काढून काचेच्या नळीत घातलं. सुईला घाबरायचं मी विसरूनच गेलो. नळी मुठीत, उबेला धरायची होती. ती दादानं मागून घेतली. रक्त गोठतंय का, हे डॉक्टर मधूनमधून ती तिरपी करून बघत. रक्त पाण्यासारखं सरके. आईनं डोळेच मिटून घेतले होते. पुन्हा तिरपी केली, पुन्हा रक्त सरकलं. आणि मग डॉक्टरांनी नळी चक्क उलटी धरली, तरी ते जागचं हललं नाही.

"गोठलं. याला तो आजार नाही," ते म्हणाले.

आई बसल्या जागी रडू लागली. दादा मात्र हसत सुटला. "आता पळ गा लेका! मले काय पाहून राहिला?"

संध्याकाळी मी पळालो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उगाचच, ओरडत. पळताना वारा कानात शिरतो हे मला त्या दिवशी कळलं. कितव्या तरी फेरीला आपटलो आणि गुडघा फुटला. रडायचं सोडून मला इतका आनंद झाला, की लंगडत थेट दादाच्या खाटेशी गेलो. त्यानं माझा पाय मांडीवर घेतला. आम्ही दोघं जखमेकडे बघत बसलो. रक्त ओघळलं, हळूहळू घट्ट झालं आणि थांबलं.

दादानं थांबलेल्या रक्ताच्या कडेनं बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, "बस? इतकंच असते का?"