तोंडाची घंटी

जरा जवळ या बघू सगळे. आणि सिग्नलला गाडी उभी करून कोणी हे वाचायला घेतलं असेल, तर त्याने आधी फोन खाली ठेवायचा. घरी जाऊन वाच, मी कुठे पळून जात नाही. माझी सून करते हे उद्योग, म्हणून मला माहीत. आणि दुसरं... या ग्रुपवर तुम्ही पोरं रोज एकमेकांना घाबरवत बसता. विहिरीवर कोण दिसलं, घाटात कोणी लिफ्ट मागितली. मी सगळं वाचते, आणि खोटं कशाला बोलू, निम्म्या वेळा मला हसू येतं. आम्ही मालवणकडचे. कोकणातली बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिच्या माहेरी भुतं पाणी भरत असणार. आमच्याकडे पाणी मीच भरायचे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आज आहे की नाही तेही मला धड सांगता येत नाही. शाळा फार झालेली नाही माझी, पुडीच्या कागदांवर अक्षरं लावत वाचायला शिकले. तेव्हा लिहिण्यात चुकलं तर पोटात घाला.

आम्ही भांडुपला राहतो. मी, आमचे हे, मुलगा आणि सून स्मिता. मुलगा बोटीवर असतो, महिनोन्‌महिने घरी नसतो. हे विक्रोळीला एका कारखान्यात होते, आणि सगळी नोकरी यांनी सायकलवरून केली. हायवेच्या कडेकडेने जायचे, डाव्या हाताला मिठागरं आणि खारफुटी. तेव्हा त्या रस्त्याला गाड्या कमी होत्या. सायकल गेटाबाहेर लावायची, आणि पाळी संपवून येऊन बघावं तर घंटीची वाटी गायब. नवी बसवली की पुन्हा गायब. शेवटी कंटाळून यांनी घंटी लावणंच सोडलं आणि तोंडाने ओरडायला लागले, "घंटी, घंटी, घंटी." मला मेलीची लाज वाटायची. मी म्हणायचे, अहो लोक हसतात.

"हसान बाजूक होतत ना, मग झाला," हे म्हणायचे. "आणि तोंड कोण चोरतलो?"

स्मिता लग्न होऊन आली ती गाडी चालवता येणारी. सासरा सायकलवाला आणि सून गाडीवाली, मग काय, जेवताना रोज तमाशा. हे विचारायचे, सूनबाई, तुझ्या गाडीला हॉर्न बसवलाय की हॉर्नला गाडी बसवलीय? ती म्हणायची, बाबा, तुम्ही सायकलवाले मधेच घुसता, मग काय आरती ओवाळू? पण जीव होता एकमेकांवर. हे कुठे बाहेर गेले की उशीर झाल्यावर पहिला फोन तिचा यायचा.

मग यांना विसरायला व्हायला लागलं. आधी नावं गेली, मग दिवस गेले. कधी मलाच विचारायचे, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? मुलाने बोटीवर जाण्याआधी जिन्याखालच्या सायकलची हवा काढून टाकली आणि पंप माळ्यावर चढवला. आम्हाला वाटलं, झालं, आता सायकल बंद.

मे महिना होता. सकाळी मी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होते. परत आले तर दार सताड उघडं, आणि जिन्याखाली सायकल नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने सांगितलं, काका सायकल हाताने ढकलत आले, हवा भरून घेतली, पहिल्या पाळीला उशीर झाला म्हणाले आणि गेले.

कारखान्यातून निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, आणि हे निघाले पहिल्या पाळीला.

स्मिता ऑफिसातून गाडी घेऊन धावत आली. पोलीस चौकीत फोटो दिला. तिथला हवालदार चांगला होता बिचारा, म्हणाला, आजी, येतील, म्हातारी माणसं फिरून फिरून घरीच येतात. पण त्याच्या तोंडावर दिसत होतं की त्यालाही ते खरं वाटत नाहीये. आम्ही आधी आतल्या रस्त्याने कांजूरमार्ग करत विक्रोळीपर्यंत गेलो. चहाच्या टपऱ्या विचारल्या, रिक्षा स्टँड विचारले. कारखान्याच्या जुन्या गेटावर गेलो, तर तिथे आता टॉवर उभा आहे आणि वॉचमन म्हणाला, असं कोणी आलं नाही. दवाखानेही विचारून झाले. ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता. सकाळपासून यांच्या पोटात ना पाणी ना गोळी. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचं तो बघून घेईल.

दुपार कलली तशी स्मिता म्हणाली, आई, एकदा हायवेने जाऊ, बाबांचा जुना रस्ता तोच ना? गाडी काढली. ती चालवत होती आणि डोळे पुसत होती. काचा बंद, एसी चालू. कांजूर सोडून आम्ही विक्रोळीकडे निघालो. गर्दी होती, गाड्या हळूहळू सरकत होत्या.

आता नीट ऐका.

आमच्या पुढे एक डंपर होता. तो डावीकडून चालला होता, तो अचानक थोडासा उजवीकडे सरला, जरा पुढे गेला आणि परत आपल्या जागी आला. त्याच्या मागची रिक्षा, तीही तशीच. मग बस. जो येईल तो त्या ठिकाणी उजवीकडे सरकत होता, आणि रस्त्याच्या डाव्या कडेला एक पट्टा मोकळा सोडत होता... एक सायकल जाईल एवढा. आणि एकही हॉर्न नाही. अहो, आपल्या मुंबईत सायकलवाल्याला साईड कोण देतं? मंत्र्याची गाडी असली तर देतील. आणि इथे डंपरवाला, रिक्षावाला, बसवाला, सगळे अदबीने बाजूला होत होते. त्या पट्ट्यात तर कोणीच नव्हतं. रिकामा रस्ता, वर ऊन.

आणि आमच्या स्मितानेही स्टिअरिंग उजवीकडे वळवलं.

मी विचारलं, "का गं वळवलीस?"

"सायकल आहे ना, आई, पुढे."

"कुठाय?"

तिने बघितलं. पुढे कोणीच नव्हतं. म्हणाली, "आई... आत्ता कोणीतरी घंटी घंटी म्हणालं. अगदी काचेला लागून. तुम्ही नाही ऐकलंत?"

नाही ऐकलं मी. सगळा जन्म या माणसाबरोबर काढला, आणि मला काही म्हणता काही ऐकू आलं नाही.

मी तिला गाडी कडेला लावायला लावली आणि उतरून धावले. आमच्या मागे एक टेम्पो होता, तोही तसाच उजवीकडे सरकून पुढे गेला आणि मला धावताना बघून थांबला. कठड्यापलीकडे खाली खारफुटी, चिखल. आधी मला सायकलचं चाक दिसलं. मग यांची चप्पल. मग हे. झुडपात असे पडले होते की गाडीतून जाणाऱ्याला जन्मात दिसले नसते. डोळे अर्धे उघडे, श्वास चालू, आणि तोंड... तोंडाकडे बघवत नव्हतं.

टेम्पोवाल्याने आणि स्मिताने यांना वर आणलं. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, कुठल्यातरी गाडीने उडवलंय, सकाळीच कधीतरी. जबडा पार मोडलाय. थोडा उशीर झाला असता तर उन्हानेच गेले असते. स्मिताने त्यांना विचारलं, हे ओरडले असतील का? डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत शब्द काय, ओठसुद्धा मिटता येणार नाहीत.

तोंड कोण चोरतलो म्हणायचे. त्या दिवशी कोणीतरी यांचं तोंडच चोरून नेलं होतं. ती गाडी कोणाची, आजपर्यंत कळलेलं नाही.

टेम्पोवाला बाहेर बाकावर थांबला होता. मी त्याला हात जोडले आणि मग विचारलं, बाबा, तू तिथे गाडी का वळवलीस? मी त्याला घंटीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते, देवाशपथ. तो जरा लाजला. म्हणाला, "माँजी, कोई बुड्ढा आदमी घंटी घंटी बोल रहा था. हँसी आ गई मुझे, तो साइड दे दिया."

मुलाने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, आई, पुढच्याने वळवली की मागचे वळवतात, आणि स्मिता टेन्शनमध्ये होती. असेल बाबा. पण मग टेम्पोवाल्याला हसू कशाने आलं? नंतर स्मिता मला मुद्दाम त्या जागी घेऊन गेली. खड्डा नाही, दगड नाही, काही नाही. सगळे सरळ चालले होते, एकमेकांच्या कानात हॉर्न ओतत.

हे घरी आले. जबडा जुळला, तारा काढल्या. पण हे बोलत नाहीत. एक अक्षर नाही. पेज भरवली की गिळतात, नाहीतर छताकडे बघत पडून असतात. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. मी बोलते हो, सकाळपासून तोंड दुखेपर्यंत बोलते. मालवणीत बोलते, जुनी भांडणं उकरून काढते, की हा माणूस चिडून तरी उत्तर देईल. काही नाही. नातेवाईक आधी यायचे, आता येतो येतो म्हणतात फक्त. रात्री मी यांच्या छातीवर हात ठेवून बघते, बस, एवढंच कळतं की आहेत.

मागच्या आठवड्यात स्मिता दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली. बेल दाबता येईना, म्हणून बाहेरूनच ओरडली, "आई, घंटी, घंटी!" गंमत म्हणून. आणि पलंगावर हे हलले. सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकले, आणि अर्धा पलंग मोकळा सोडला.

साईड दिली यांनी. माझ्या डोळ्यांसमोर.

मी धावत जवळ गेले, कानाशी म्हटलं, घंटी, घंटी. नाही हलले. स्मिताने दारातून पुन्हा म्हटलं, तर पुन्हा सरकले. खालच्या मजल्यावरचा रिक्षावाला आहे, त्याला बोलावून म्हणायला लावलं, त्यालाही दिली. मी म्हटलं तर मात्र नाही. मला गाडी चालवता येत नाही म्हणून असेल का? की दुसरं काही? मला नाही माहीत. कोणाला माहीत असेल तर सांगा, शिव्या दिल्यात तरी चालेल.

पण काल तो रिक्षावाला म्हणाला तेव्हा हे नुसते सरकले नाहीत. यांचे ओठ हलले. आवाज नाही आला... पण हलले.

म्हणून लिहायला बसले. तुमच्यात गाडी चालवणारे खूप असतील. एकदा या ना आमच्याकडे. लवकर या. भांडुपला आलात की इथेच निरोप टाका, स्मिता न्यायला येईल. चहा आहे, घावणे घालीन. फक्त वर आल्यावर बेल दाबू नका. दार मी उघडंच ठेवते. बाहेर उभे राहा, आणि तोंडानेच म्हणा.